मशीनच्या वतीनं

हमालांच्या टोळीच्या सिदू मुकादमानं नव्या चेंबरची किल्ली टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून उभा राहिला. आपटली नाही, ठेवली. आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणारा माणूस राहणार असतो.

"रविवारी बिरोबाला भंडारा उचलतो," तो म्हणाला. "टोळी संगट येईल. एकदा उचलला की आमचा रामराम घ्यावा."

माझा मुलगा रणधीर खुर्चीतल्या खुर्चीत हलला. "मामा, मी कुठं म्हणालो तुम्ही माल बदलला म्हणून?"

"तुमी न्हाई म्हणला. मशीन म्हणलं."

मी दारातल्या बाकड्यावर बसले होते. स्टोरेजच्या हापिसात माझी जागा तीच. जमीन माझ्या नावावर, पाटी रणधीरच्या नावाची, आणि बाकडं माझं. तिथनं काटा दिसतो, गेट दिसतं, कोण किती वेळ चहा पितो तेही दिसतं.

आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. शेतकरी उन्हाळ्यात द्राक्षं वाळवून बेदाणा करतो, बॉक्स भरून आमच्याकडं थंडाव्याला ठेवतो आणि गणपतीच्या पुढं भाव बघून काढतो. बॉक्स आत जाताना प्रत्येक लॉटला आकड्याची एक पट्टी लागायची. त्याला आम्ही सील म्हणायचो. गेटवर लाल उजेडाची बंदूक, तिनं सीलचा आकडा मशीनमधी जायचा. माल बाहेर निघताना पुन्हा तीच बंदूक. आकडा जुळला तर हिरवा दिवा, नाही जुळला तर लाल, आणि पडद्यावर शब्द यायचा, 'तफावत'.

हे सगळं केलं होतं माझ्या सुनेनं. शर्वरी तिचं नाव, माहेर नागपूर. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. दिवसभर घरात बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करायची, आणि उरल्या वेळात स्टोरेजचा प्रोग्रॅम तिनं एकटीनं उभा केला होता. मला तिचं कौतुक होतं, पण ते मी तिला सांगितलं नव्हतं. सुनेला सगळंच लगेच सांगायचं नसतं.

आदल्या वर्षी एकच चेंबर होता. लॉट कमी होते, आणि एकदाही लाल दिवा लागला नाही. त्या वर्षी आम्ही दुसरा चेंबर बांधला. पहिला भरल्यावर नव्यात माल लागायला सुरुवात झाली. सुरुवातीचे थोडे लॉट रणधीरनं स्वतः उभं राहून लावून घेतले, मग तो कॉम्प्रेसरच्या कामाला नाशिकला गेला आणि किल्ली सिदू मुकादमाकडं राहिली. आता माल निघायला लागला होता. रणधीरच्या डोळ्यांदेखत लागलेले लॉट हिरव्या दिव्यात गेले. त्याच्या माघारी लागलेला प्रत्येक लॉट लाल.

त्यात जमदाडे म्हणून एक शेतकरी येऊन बोंबलून गेला. "माझा बेदाणा पानासारखा हिरवा हुता, ह्यो पिवळा कसा?" असं म्हणत त्यानं मूठभर बेदाणा हापिसात सांडला. मी त्याला म्हटलं, आपला माल आठवणीत हिरवाच असतो, जमदाडे. पण रणधीरला ते पटलं नाही.

सिदूमामा गेल्यावर मी विचारलं, "काय दिसलं तुला त्या सीलमधी? आकडा दुसरा निघाला?"

"नाही. आकडा तोच आहे. आत जातानाही तोच, बाहेर येतानाही तोच."

"मग?"

"तेच तर, आई. डोळ्याला तोच दिसतोय, पण मशीन म्हणतंय हा तो नव्हे. म्हणजे सील नकली. कुणीतरी तोच आकडा छापून दुसऱ्या मालाला लावलाय, आणि चांगला माल बाहेर काढलाय."

"मशीनला असली-नकली कळतं?"

"कळतं म्हणून तर लाल लागतोय!"

शर्वरी कपाटाला टेकून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. "काय गं, कळतं?"

"ते फक्त सांगतं, दोन नोंदी जुळल्या नाहीत," ती म्हणाली. "का जुळल्या नाहीत ते नाही सांगत."

"चुकत नाही ना?"

तिची मान जरा ताठ झाली. तिच्यातली ती एक गोष्ट मला ओळखीची होती. "गेलं वर्ष पूर्ण चाललंय, आई. या वर्षी पहिला चेंबर रिकामा झाला, एक चूक नाही. प्रोग्रॅम बरोबर आहे."

"ऐकलंस?" रणधीर मला म्हणाला.

मी ऐकलं होतं.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला भंडारा उचलणं म्हणजे काय ते सांगते. देवापुढं परातीत हळद असते. ज्याच्यावर आळ आहे तो गावासमोर मूठ भरून उचलतो आणि म्हणतो, मी हे केलं असेल तर माझं वाटोळं होऊ दे. उचलला की आळ संपला. पण ज्या घरानं भंडारा उचलायला लावलं, त्या घराच्या पायरीला पुन्हा पाय लावायचा नाही, ही धनगरांची रीत. सिदू कोळेकर माझ्या नवऱ्याच्या वेळचा. पहिल्या चेंबरचा पाया खणला तेव्हा पहिली कुदळ त्याची. रविवारनंतर तो दारात येणार नव्हता, आणि तालुक्यात जिथं जाईल तिथं 'भंडारा उचलून आलेला' असाच जाणार होता.

रात्रीची भाकरी वाढताना मी म्हटलं, "रविवारी शर्वरीपण येईल."

"कशाला?" रणधीर.

"भंडारा उचलायला."

ताटावरचे दोघांचेही हात थांबले.

"आई, काहीतरीच काय! तिनं काय केलंय?"

"तिनं काही केलं नाही. मुकादम म्हणतो, मी माल बदलला नाही. मशीन म्हणतं, बदललाय. दोघांतलं एक खोटं. मुकादमाला हात आहे, तो उचलेल. मशीनला हात नाही. मशीनच्या वतीनं कोण उचलणार?"

"मी उचलतो की!"

"तू कसा? तू केलंयस का मशीन?" मी त्याला आमटी वाढली. "तुला विचारलं तर तू आत्ता इथं, ताटावर बसून उचलशील. तुझा काय भरवसा."

शर्वरी हळू आवाजात म्हणाली, "आई, मी हे मानत नाही."

"मानू नकोस. मानत नसशील तर उचलायला काय जातंय? हळद तर आहे."

तिनं पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"गावासमोर एवढंच म्हणायचं, माझं मशीन सांगतंय ते खरं आहे, खोटं असेल तर माझं वाटोळं होऊ दे. म्हणशील?"

"असं कसं म्हणू?"

"दुपारी तर म्हणालीस. प्रोग्रॅम बरोबर आहे म्हणून."

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ही उठून जाणार, आईला फोन करणार, रडणार. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि ताटातच ठेवला. "मला आधी एकदा बघू द्या," ती म्हणाली.

"बघ की. रविवारला अजून वेळ आहे."

रणधीर माझ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलला नाही. घरात शांतता बरी वाटली.

शर्वरीनं कंपनीतनं रजा घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. का तिथं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी समोर तांदूळ निवडत बसले. ती आकडे टाकायची, बघायची, पुसायची. मधेच दोन्ही हात डोक्याला लावून बसायची. पहिला दिवस असाच गेला. सील बघून झाली, बंदूक बघून झाली, तारा बघून झाल्या. कशात काही नाही.

शनिवारी दुपारी ती एकदम म्हणाली, "आई, इकडं या."

मी उठले. पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरं.

"मला काय कळणार त्यात?"

"आकडे कळतात ना? हे बघा. मी मशीनला विचारलं, आत पाच नंबर गेला, बाहेर पाच नंबर आला, जुळतं का? म्हणालं, जुळतं. शंभराला जुळतं. एकशे सत्तावीसला जुळतं. आता हे." तिनं दोन आकडे टाकले. "एकशे अठ्ठावीस आत. एकशे अठ्ठावीस बाहेर."

बटण दाबलं. तफावत.

"पुन्हा दाब," मी म्हटलं.

पुन्हा तफावत. एकशे एकोणतीसला तफावत. दोनशेला तफावत. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी तिला तांब्या दिला.

"आता नीट सांग. माझं शिक्षण तिसरी. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, मी ती हिसकावून घेतली आणि घरी आले. तेवढ्या बेतानं सांग."

तिनं तोंड पुसलं. "आकडे ठेवायला मी एक हॅशमॅप वापरलाय. म्हणजे कप्प्यांचं कपाट समजा. लॉटचा नंबर सांगितला की शोधत बसावं लागत नाही, थेट त्या कप्प्याला हात जातो. आत जाताना एका कपाटात ठेवायचं, बाहेर येताना दुसऱ्यात, आणि दोन्ही जुळवून बघायचे."

"बरं."

"पण त्या कपाटाला उघडा आकडा चालत नाही. आकडा आधी पाकिटात घालावा लागतो, मग पाकीट कप्प्यात. मी तसं सांगितलं नाही तरी मशीन आपलं आपण घालतं."

"एवढ्याशा आकड्याला पाकीट? लवंगेला डबा केल्यासारखं झालं."

"तसंच आहे. जागाही जास्त जाते. म्हणून मशीननं एक सोय केलीय. लहान आकडे सारखे लागतात, तर त्यांची पाकिटं आधीच करून ठेवलेली. एकशे सत्तावीसपर्यंत. पाच कुणीही मागितला, कितीही वेळा मागितला, की पाचाचं तेच घरातलं पाकीट. त्याच्या पुढच्या आकड्यांना मात्र दरवेळी नवीन पाकीट."

"आणि जुळवताना?"

"जुळवताना मी विचारलं, हे दोन्ही एकच आहेत का? मशीननं पाकिटं बघितली. लहान आकड्यांची पाकिटं एकच होती, म्हणून हो म्हणालं. मोठ्यांची दोन वेगळी होती, म्हणून नाही म्हणालं. पाकीट उघडून आतला आकडा बघ, असं मी सांगायला हवं होतं. ते सांगितलंच नाही."

मी पुन्हा पडद्याकडं बघितलं. एकशे अठ्ठावीस, एकशे अठ्ठावीस. दोन्हीकडं सारखंच लिहिलेलं.

"म्हणजे मशीन खोटं बोललं नाही."

"नाही."

"मुकादमपण नाही."

"नाही. मी विचारलंच चुकीचं." तिनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. "आणि गेल्या वर्षी आपले लॉटच तेवढे नव्हते, म्हणून कधी कळलं नाही. रणधीर नाशिकला गेला आणि सील त्या आकड्याच्या पुढं गेली, हे दोन्ही एकाच वेळी झालं."

संध्याकाळी रणधीर आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याला माझ्यापेक्षा लवकर समजलं, अभियांत्रिकीला जाऊन आलेला तो. तो खाली बसला, कपाळ पुसलं, आणि मग म्हणाला, "दुरुस्त किती वेळात होतं?"

"एका ओळीचं काम आहे."

"मग आत्ता करून टाक. उद्या सकाळी सगळे लॉट हिरवे दिसतील. मी मामाला सांगतो, पुन्हा तपासलं, सगळं बरोबर निघालं, भंडाऱ्याची गरज नाही. विषय संपला."

"बरोबर निघालं नाही, रणधीर. माझं चुकलं होतं."

"तेच म्हणतोय मी. गावासमोर कशाला? उद्या जमदाडे म्हणेल, आदल्या वर्षीचं पण चुकलेलं असेल. बाकीचे स्टोरेजवाले टपूनच बसलेत. आणि तू, शर्वरी... लोक म्हणतील सुनेच्या मशीननं मुकादमाला चोर केलं. हे नाव तुला आयुष्यभर चिकटेल. आई, तू सांग हिला."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तांदूळ यंदा फार घाण आलाय," मी म्हटलं, आणि आत गेले.

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं सिदू मुकादमाची टोळी आधीच येऊन बसली होती. सगळ्यांच्या डोक्याला पटके. जमदाडेही आला होता; दुसऱ्याचं वाटोळं बघायला त्याला कधी आमंत्रण लागलं नाही. पुजाऱ्यानं परात बाहेर आणून ठेवली. रणधीर पिंपळाच्या पारापाशी उभा राहिला. शर्वरी माझ्या मागनं चालत होती, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. रात्री त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नव्हतं. दार लावलेलं होतं, आणि मी दाराला कान लावणाऱ्यातली नाही. मला न लावताही ऐकू येतं, पण त्या दिवशी नाही आलं.

सिदूमामानं हात धुतले. देवाला हात जोडले, परातीपाशी वाकला आणि मूठ भरून भंडारा उचलला. पिवळी धूळ त्याच्या मनगटावर सांडली. त्यानं तोंड उघडलं.

"मामा, थांबा," शर्वरी म्हणाली.

आवाज बारीक होता. पण देवळापुढं बाईनं मधे बोलायचं नसतं, म्हणून सगळ्यांना ऐकू आला.

ती पुढं गेली. "माल बदललेला नाही. सील खरी आहेत. चूक मशीनमध्ये होती, आणि मशीन मी केलंय. तुम्ही काहीच केलेलं नाही."

टोळी एकमेकांकडं बघायला लागली. मग टोळीतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी काय झालं, वहिनी?"

"आकडा तोच होता," ती म्हणाली. "मी वरचं पाकीट बघितलं. आत बघितलं नाही."

त्यांना काय समजलं कुणास ठाऊक. म्हाताऱ्यानं मात्र मान हलवली, जसं हे त्यानं पुष्कळदा पाहिलं असावं.

जमदाडे बोललाच. "आन् माझा पिवळा पडलेला माल?"

"तो पिवळाच आला होता, जमदाडे," मी म्हटलं. "मी बाकड्यावर होते. उचल आता परातीतनं मूठभर आणि म्हण हिरवा होता म्हणून."

जमदाडे परातीपासनं मागं सरकला, आणि टोळी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

सिदूमामा तसाच उभा होता, मूठ मिटलेली. तो शर्वरीला म्हणाला, "पोरी, ही आता परातीत परत टाकता येत न्हाई. उचलला तो उचलला."

तिनं घाबरून माझ्याकडं बघितलं. पुढं काय होणार ते मलाही माहीत नव्हतं.

त्यानं हात वर केला आणि सगळा भंडारा तिच्या डोक्यावर उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" टोळी ओरडली. ती पिवळी होऊन उभी राहिली. केस, खांदे, लॅपटॉपची पिशवी, सगळं पिवळं. डोळे तेवढे मिचकावत होती.

त्या पिशवीच्या चेनमधनं हळद पुढं दोन वर्षं निघत होती. आता तिनं पिशवी बदललीय, स्टोरेजला चार चेंबर झालेत, आणि सिदूमामा जाऊनही बरेच दिवस झाले. त्याच्या टोळीचं मुकादमपण त्याची लेक बघते.

देवळातनं परत येताना रणधीर पुढं चालला होता. स्टोरेजच्या गेटाशी तो थांबला, खिशातनं नव्या चेंबरची किल्ली काढली आणि सिदूमामासमोर धरली. माफी मागणं त्याला जमलं नाही. त्याच्या बापालाही कधी जमलं नव्हतं. किल्ली मात्र त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. सिदूमामानं जरा वेळ ती तशीच धरू दिली. मग घेतली.

टोळी आत गेली. शर्वरी नळावर तोंड धूत होती. मी बाकड्यावर बसले. सिदूमामा पायरीवर टेकला; शपथ तोंडातनं निघाली नव्हती, त्यामुळं पायरी तुटली नव्हती. त्यानं चंची सोडली.

"आक्का, एक इचारू? त्या पोरीला का उभं केलंसा? शपथ मी घेतली असती की. मला काय भ्या न्हवतं."

"तुला भ्या नव्हतं ते मला ठाऊक होतं."

"मग?"

मी नळाकडं बघत होते. ती केस झटकत होती, आणि हळद काही जात नव्हती.

"लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं," मी म्हटलं. "जावेची बोरमाळ हरवली. घरात नवी मीच. सासऱ्यानं ह्याच देवळात मला भंडारा उचलायला लावला."

त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"उचललासा?"

"उचलला."

"आन् त्यांच्यातल्या कुणी उचलला?"

"त्यांच्यातल्या कुणी नाही. आळ घेणाऱ्याला कोण उचलायला सांगतंय?"

त्यानं पानाला चुना लावला. आत चेंबरचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि गार हवेचा झोत पायांपर्यंत आला.

"घावली का बोरमाळ?" त्यानं विचारलं.

"घावली. सासूच्याच उशीत, चार दिवसांनी."

"मग?"

"मग काय. त्या रात्रीच्या भाकऱ्या मीच थापल्या."